द्राक्षावरची साय

तात्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हातांकडे बघत. येडगाव धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांचं द्राक्ष पॅकिंगचं शेड होतं. तिथं क्वालिटीच्या कामासाठी मी मुलाखतीला गेले, तेव्हा माझी बीएस्सी अ‍ॅग्रीची फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "हात दाखव ताई," म्हणाले. मी गोंधळून दोन्ही हात पुढे केले. त्यांनी नखं बघितली, बोटातली अंगठी बघितली, हात उलटे करायला लावून तळवे बघितले.

"अंगठी घरी ठिवायची. नखं वाढली की मी सांगंन. उद्यापास्नं ये."

झाली मुलाखत. मी मंचरची, तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडलेली आणि त्यामुळे थोडी शिष्ट. या माणसाला आपल्या पदवीचं काडीचं कौतुक नाही, याचा मला दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला टेबलापाशी उभं केलं आणि एक काळा घड देठाला धरून माझ्या डोळ्यांसमोर फिरवला.

द्राक्षाच्या मण्यावर एक पांढुरकी झाक असते. पुस्तकात तिला वेगळं नाव आहे, तात्या तिला साय म्हणत. बोट लागलं की ही साय पुसली जाते आणि काळ्या मण्यावर अंगठ्याचा ठसा उमटतो. तो परत जात नाही. म्हणून घड उचलायचा तो देठाला धरून, फिरवायचा देठाला धरून, खराब मणी काढायचा कात्रीच्या टोकानं, आणि डब्यात बसवायचा तोही देठालाच धरून. डबे शीतगृहात जायचे, तिथून कंटेनरमधून बंदरावर, आणि काही आठवड्यांनी युरोपातल्या कुठल्यातरी दुकानात.

"तिकडच्या बाईला काय वाटलं पायजे?" तात्या म्हणत. "ह्ये द्राक्ष येलीवरनं थेट आपल्या फ्रीजमधी आलं. मधी कुणी माणूस व्हता ह्येचा पत्ता लागता कामा नये."

मला तेव्हा हे वाक्य फार आवडलं होतं. मी ते मैत्रिणींना ऐकवायची. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

तात्या बुटके, अंगानं भरलेले, पांढरा पायजमा आणि वर उन्हाळ्यातही लोकरीची टोपी, कारण दिवसातून दहादा शीतगृहात आतबाहेर. शेडात फिरताना त्यांचे हात कायम पाठीमागे एकमेकांत अडकवलेले असत. मला आधी वाटलं, हा मालकपणाचा रुबाब. एकदा चेष्टेत म्हटलं तसं, तेव्हा त्यांनी हात पुढे करून दाखवले. बोटं जाड, पेरं फुगलेली, एक अंगठा कधीतरी पंपाच्या पट्ट्यात सापडून चपटा झालेला. "ह्ये हात फावड्याचे हायती. ह्यांचा काय भरोसा? चुकून एखादा घड उचलायचे." स्वतःच्या शेडात स्वतःच्या मालाला त्यांनी हात लावलेला मी कधीच पाहिला नाही.

कुणावर चिडले की ते अहोजाहो करत. मी एरवी ताई, पण "काय मॅडम" असा आवाज आला की समजावं, कुठल्यातरी पेटीत गडबड झालीय. शिव्या कधी देत नसत. त्याऐवजी ज्याच्यावर चिडले त्याच्या शेजारी जाऊन नुसते उभे राहत. ही शिक्षा इतकी भारी होती की बाया म्हणत, त्यापेक्षा दोन फटके परवडले.

आणि एक गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. शेड त्यांनी कशासाठी चालवलं होतं, तर मुलासाठी. विक्रम तेव्हा पुण्यात शिकत होता. सुट्टीत आला की हौसेनं टेबलापाशी जायचा, तर तात्या त्याला हाकलत. "तू हितं बसायला येणार हायेस, राबायला न्हाई." आणि मला म्हणत, "ताई, मला फार काय नको. ह्ये शेड चालतं त्याच्या हातात द्यायचं. बंद पडल्यालं तर कुणी बी देतं." चालतं या शब्दावर ते जोर देत. परिसरात एकेकाची शेडं बंद पडून त्यात कांदा भरला जायला लागला होता, ते ते रोज येताजाता बघत होते.

आमच्याकडच्या बाया आहुप्याच्या खोऱ्यातल्या. डिंभ्याच्या धरणाच्या वर, डोंगराच्या पोटातल्या वाड्यांमधून त्या यायच्या. भाताची कापणी-झोडणी उरकली की खाली उतरायच्या, शेडामागच्या खोल्यांच्या रांगेत हंगामभर राहायच्या आणि रानातला हिरडा गोळा करायच्या दिवसांत परत वर जायच्या. त्यांची पुढारी चिमाबाई. उंच, काटक, बोलायला तोफ. एकदा एका गोऱ्या साहेबानं शेड बघायला येऊन तिचा फोटो काढला, तर ती मला म्हणाली, "ताई, त्याला इचार, माजा फुटू डब्यावर लावनार का?" मी भाषांतर केलं. साहेब हसला, तात्या हसले, आणि ती गोष्ट तिथंच राहिली.

या बायांचे हात बघण्यासारखे होते, हे खरंच. पण तात्यांना नवख्या माणसानं विचारलं की इतक्या लांबून का आणता, आपल्या गावात बाया नाहीत का, तर ते हाताचं कौतुक सांगत बसत नसत. सरळ सांगत. "गावच्या बाया काय कमी हाइत व्हय? पण त्यांचं पोट हितल्या रानावर भरतं. ह्यांचं वर भरत न्हाई. म्हणून ह्या येत्यात, म्हणून स्वस्तात येत्यात, म्हणून आपलं द्राक्ष तिकडं परवडतं. दुसरं काय न्हाई यात." समोरचा माणूस अवघडून जाई. तात्या मात्र शांत असत. ज्यावर आपलं घर उभं आहे ते त्यांना नेमकं माहीत होतं, आणि माझा असा समज आहे की त्यामुळेच त्यांना नीट झोप लागत नसावी.

दिवाळी झाली की तात्या सुपारी द्यायला वर जात. ही त्यांचीच रीत. बाकीचे शेडवाले मुकादमाला फोन करून मोकळे होत. तात्या स्वतः जीपनं खोऱ्यात जात, ज्या घरची बाई हवी त्या घरच्या ओट्यावर बसत, घरच्या थोरल्या माणसाच्या हातात सुपारी ठेवत आणि म्हणत, "तुमची लेक-सून हंगामापुरती माज्या घरी धाडा." सुपारी घेतली की शब्द झाला. त्यावर कोरा चहा व्हायचा आणि तात्या पुढच्या घरी. मी तीनचार वर्षं त्यांच्याबरोबर गेले. एका दिवसात सगळं खोरं उरकायचं, संध्याकाळी परत येताना तात्या जीपमध्ये झोपून जायचे.

त्या वर्षी मात्र पहिल्याच घरी ताट आलं. नाचणीची भाकरी, धरणातल्या मासळीचं कालवण, नव्या तांदळाचा भात. मला भूक लागली होती, मी आनंदानं बसले. तात्यांनी एकदा ताटाकडे आणि एकदा घरमालकाकडे बघितलं. म्हातारा म्हणाला, "जेवा तात्या. तुमी कवा जेवला न्हाई आमच्यात." तात्या मुकाट्यानं जेवले. सुपारी त्यांनी ओट्यावर ठेवली. ती कुणी उचलली नाही, पण नको असंही कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या घरीही ताट. तिसऱ्या घरी कोंबडं कापलेलं. मी म्हटलं, "तात्या, या वर्षी तुमचा मान वाढलाय." घरागणिक त्यांचा चेहरा उतरत चालला होता, आणि तरी ते प्रत्येक घरी मांडी घालून जेवत होते, अगदी शेवटी घास गिळवत नव्हता तरीही.

चिमाबाईच्या घरी पोचलो तेव्हा चुलीवर भात रटरटत होता. तात्या उंबऱ्यातच थांबले.

"चिमाबाय, तू बी का?"

ती चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. "बसा तर खरं."

"बसतो. पर खरं सांग."

"तात्या, माजी थोरली चाकणला लागली. कंपनीत. चौघी मिळून खोली घिऊन ऱ्हात्यात. धाकटी नर्सिंगचं बघती. खालच्या आळीतल्या पोरींनी तंबू टाकल्यात धरणाकडंला, पुण्याची पोरं येत्यात ऱ्हायला. आता कोन देठ धरून उबं ऱ्हानार दिसभर?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी येते. माज्या वयाच्या दोनचार येतील. बाकीच्यांची वाट बघू नका."

तात्या जेवायला बसले. तिनं दोनदा भात वाढला, दोन्ही वेळा त्यांनी संपवला.

परत येताना डिंभ्याचं पाणी उजवीकडे लांबवर पसरलेलं होतं आणि दिवस मावळतीला आला होता. मी विचारलं, "सगळ्यांनी इतकं प्रेमानं जेवायला घातलं, मग तुम्ही असे का?"

"ताई, जिथली बाई येणार असती तिथं च्या मिळतो. ती आपलीच माणसं झाली, त्यांना कशाला जेवण? जिथनं माणूस रिकाम्या हातानं परत धाडायचाय, तिथं त्येला ताट वाढत्यात. नाय म्हणायचं जिवावर येतं ना." मग ते म्हणाले, "येवढी ताटं मी लग्नात बी जेवलो न्हाई."

त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. "त्यांचं बरोबर हाय," ते म्हणाले. "माजी पोरगी असती तर मी बी धाडली नसती. पर आता बघ, उतरणीला लागली गाडी."

त्यानंतरची वर्षं मला एकामागून एक आठवतात ती तात्यांच्या धडपडीची म्हणून. मजुरी वाढवली. खोल्यांना फरशा घातल्या, गरम पाण्याची सोय केली, लेकुरवाळ्या बायांसाठी पाळणाघर काढलं. त्यात दोन पाळणे होते, आणि ते भरले कधीच नाहीत. आसपासच्या गावांतून रोजानं बाया आणायला मिनीबस ठेवली. त्या यायच्या, पण टोमॅटोचा बाजार तेजीत आला की बस अर्धी रिकामी. मग बिहारकडची पोरं आणली. गुणी पोरं होती, पण हात सिमेंटच्या गोण्या उचललेले. तात्या त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. पोरांना त्यातलं काहीच कळायचं नाही, ती आपली हसून "राम राम चाचा" म्हणायची.

त्याच हंगामात तिकडच्या खरेदीदाराकडून फोटो आला. आमच्या डब्यातला काळा घड, आणि त्याच्या मधोमध, एका मण्यावर, अंगठ्याचा ठसा. इतका स्वच्छ, की रेषा मोजून घ्याव्यात. फोनवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, एकदा होतं असं, पण दुसऱ्या देशाची द्राक्षं याच दरात येताहेत आणि त्यांच्यावर ठसे नाहीत. तात्यांनी माझा फोन हातात घेऊन तो फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला. मला वाटलं, कुणाचा आहे ते शोधताहेत.

"कुणाचा का असंना," ते म्हणाले, "दिसला येकदाचा माणूस त्यांना."

फोन परत देताना ते हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

पुढच्या वर्षी एका मोठ्या कंपनीचा साहेब आला. बरोबर आणली होती द्राक्षाच्या एका नव्या जातीची माहिती आणि एका मशीनची. ही जात बाहेरच्या देशातली, परवाना घेऊनच लावायची. घड मुळातच सुटसुटीत येतो, त्यामुळे दाट मणी काढून विरळणी करायला बायका लागत नाहीत. मणी टणक. मशीन घडाचे फोटो काढतं, वजन करतं, डबा बंद करतं. घड मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवायला मोजकी माणसं, बस. साहेब पुण्याचाच होता, आदबशीर. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आमच्या बायांचं काय?"

साहेबानं शेडातल्या रिकाम्या टेबलांकडे बघितलं. "कोणत्या बायांचं, तात्या?"

मशीनचा पैसा कंपनी घालणार, बदल्यात शेडात तिची भागीदारी. मी कागदपत्रं पुढे सरकवली, तात्यांनी सह्या केल्या. विक्रम त्या दिवशी पुण्याहून आला होता. त्याचे डोळे चमकत होते. मशीन कुठं बसेल, पट्टा कुठून फिरेल, हे तो पावलं टाकून दाखवत होता. तात्या त्याच्याकडे बघत होते आणि मला पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव दिसला. शेड चालणार होतं.

पण मशीनला एकाच मापाचा, एकाच जातीचा माल लागतो. आणि जुन्या बागा तोडून ही जात लावणं ज्याला झेपेल तो मोठा बागाईतदार. बाकीच्या शेतकऱ्यांचा माल यापुढे घेता येणार नाही, हे सांगायचं काम कंपनीनं तात्यांवर सोपवलं, कारण माणसं त्यांची होती. त्यांनी सगळ्यांना शेडात बोलावलं. एकेकाळी ज्या टेबलांपाशी बाया उभ्या राहायच्या, ती भिंतीला लावून ठेवली होती, त्यावर शेतकरी बसले. त्यात तात्यांचे चुलतभाऊ पांडूआबाही होते. शेडाची पहिली पेटी आबांच्या बागेतली भरली होती.

तात्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कुणी आरडाओरडा केला नाही. तेच जास्त वाईट वाटलं. शेवटी आबा म्हणाले, "म्हंजी आधी बाया गेल्या. आता आमी."

"व्हय आबा."

"मग आमच्या मागनं कोण जानार, ते बी सांगून ठिव की."

आबा टोपी घालून उठले आणि ज्याच्या त्याच्या मोटारसायकली सुरू झाल्या. नंतर तात्या शीतगृहात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी आत डोकावले तर मोकळ्या रॅकसमोर हात पाठीमागे बांधून उभे होते. आत काहीही नव्हतं बघण्यासारखं.

मशीनचा पहिला हंगाम चांगला गेला. एकही फोटो आला नाही. शेडात आता बोलणं ऐकू येत नसे, पट्ट्याची एकसारखी घरघर आणि डबा बंद झाल्याचा ठक् असा आवाज. चिमाबाई आणि तिच्या दोनचार जणी ट्रायलपुरत्या आल्या होत्या. तात्यांनी त्यांना पट्ट्यासमोर उभं करून सांगितलं होतं की मशीन नुसतं मदतीला आहे, कुणाला काढायचं नाही. हंगाम संपला आणि त्या वर गेल्या. पुढच्या दिवाळीत तात्या खोऱ्यात गेले नाहीत. मी विचारलंही नाही.

मागच्या खोल्या तशाच पडल्या. उसाला लागून होत्या त्या. एके सकाळी वॉचमन धावत आला, शेवटच्या खोलीत बिबट्याची मादी व्यालीय. दार अर्धवट उघडं राहिलं होतं, आत फरशीवर दोन पिल्लं. तात्यांनी घातलेली तीच फरशी. वनखात्याची माणसं यायला दुपार झाली. तोवर आम्ही सगळे लांब उभे. तात्या म्हणाले, "चला, कुणीतरी ऱ्हायला आलं म्हणायचं." सगळे हसले, पण त्या दिवसापासून पाच वाजले की शेडातली मोजकी माणसं घाईघाईनं गाड्या काढायची आणि मागच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. रिकाम्या खोल्यांची ती रांग आम्हाला शेडाच्या खिडकीतून दिसायची. मला तिकडं बघवत नसे.

विक्रमचं काय झालं ते सांगायला हवं. मशीनबरोबर कंपनीचा मॅनेजर आला, आणि मॅनेजरबरोबर त्याची माणसं. क्वालिटीलाही कंपनीचाच एक पोरगा आला आणि मी मंचरला परत येऊन एका कॉलेजात लागले. शेडाच्या पाटीवर कंपनीचं नाव चढलं, तात्यांना सल्लागार केलं. विक्रमला मॅनेजरनं गेटवरच्या मालाची नोंद बघायला सांगितलं. तो सहा महिने बसला तिथं. ज्या पट्ट्याची जागा त्यानं पावलांनी आखून दाखवली होती, त्या पट्ट्यापाशी जायला त्याला पास लागायचा.

मग एक एजंट त्यांच्या घरी आला. परदेशात फळांच्या पॅकिंगला माणसं हवीत, तिकडची पोरं असलं काम करत नाहीत, हंगामी व्हिसा मिळतो. मी त्या दिवशी सहज गेले होते, त्यामुळे हे बोलणं माझ्यासमोर झालं. एजंट टॅबवर शेडाचे फोटो दाखवत होता. उजळ, पांढरं, आमच्यापेक्षा कितीतरी मोठं. तात्या एकेक विचारत होते. ऱ्हायला कुठं? आजारी पडला तर कोण बघतं? परत कधी धाडता? एजंटकडं सगळ्याची उत्तरं तयार होती.

"द्राक्षं बी असत्यात का तिथं?" तात्यांनी विचारलं.

"सगळी फळं असतात काका. आपलीसुद्धा येतात, री-पॅकिंगला."

तात्यांनी विक्रमकडे बघितलं. विक्रम खाली बघत म्हणाला, "पप्पा, इथं मी काय करू?" तात्या, ज्यांनी त्या एका मुलासाठी इतक्या माणसांना बाहेरची वाट दाखवली, ते ओट्यावर नुसते बसून राहिले. विक्रमची आई, आमच्या काकू, आत रडत होत्या, त्याचा आवाज बाहेर येत होता. मला त्या माणसाची इतकी दया कधी आली नव्हती, आणि राग आला होता तोही खरा.

परवा हंगामात एका कामासाठी नारायणगावला गेले होते, म्हणून शेडावरून आले. दुपारची वेळ. तात्या यार्डात, सावलीला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते खूप. टोपी मोठी वाटत होती. मला बघून खूश झाले, गार्डला सांगून दुसरी खुर्ची मागवली, ती काही आली नाही. मी पायरीवर बसले.

इतक्यात विक्रमचा व्हिडिओ कॉल आला. डोक्यावर जाळीची टोपी, अंगात जाड जाकीट, मागे पांढऱ्या भिंती. जेवणाची सुट्टी होती त्याची. तब्येतीचं विचारून झालं, काकूंचं झालं. मग तो म्हणाला, "पप्पा, आमच्याकडं नवीन मशीन आलंय. कालपासून ट्रायल चालू आहे. साहेबानं सगळ्यांना पट्ट्यासमोर उभं करून सांगितलं, घाबरू नका, नुसतं मदतीला आहे, कुणाला काढायचं नाही."

तात्यांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं. डोळे तेवढे बदलले. मी त्यांच्याकडे बघत होते, ते फोनकडे बघत होते.

"बरं झालं की," ते शेवटी म्हणाले. "तेवढंच काम हलकं. जेवला का तू?"

"जेवतोय. तुम्ही जेवलात?"

"व्हय. जेव निवांत."

फोन बंद झाला. बराच वेळ त्यांनी तो तसाच समोर धरला होता. मी म्हटलं, "तात्या, सांगायचं होतं ना त्याला."

"काय सांगायचं? पुढचा हंगाम त्याला न्हाई, ह्ये? साहेब असं उबं करून बोलतो तवा त्याचं समदं ठरल्यालं असतं, ताई. मला इचार." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मी बोललो तवा माजं बी ठरलं व्हतं. चिमाबाय समोर उबी व्हती आन् माज्याकडंच बघत व्हती. तिला बी कळलं आसंल. काय बोलली न्हाई."

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. कंटेनर मागे घ्यायचा होता. गार्ड, अगदीच पोरगेला, नवीन, लांबूनच ओरडला, "ओ बाबा, खुर्ची उचला तिथनं!"

तात्या उठले. खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि इकडेतिकडे बघितलं. भिंतीकडे गेले, तर तिथं रिकाम्या क्रेटांची थप्पी होती. झाडाखाली गेले, तर तिथं मॅनेजरची गाडी उभी होती. मी मदतीला पुढे झाले, तर त्यांनी मान हलवून मला जायला सांगितलं, उशीर होईल म्हणाले, उसाचा रस्ता आहे. मी स्कूटी वळवली. गेटातून बाहेर पडताना मागे बघितलं तेव्हा कंटेनर टूं टूं करत यार्डात मागे येत होता, तात्या खुर्ची धरून मधोमध उभे होते, आणि गार्ड त्यांना हातानं खूण करून अजून मागे, अजून मागे सरकायला सांगत होता.